सासूबाईंचं माहेर शोधताना: क्वेबेकची जुनी दप्तरं आणि जोडनावं

माझ्या सासूबाई कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या, माँत्रियाल शहरातल्या. माहेरचं आडनाव बोल्यू. २०२३च्या सप्टेंबरात त्यांची पंचाहत्तरी झाली. भेट काय आणू विचारलं, तर म्हणाल्या, "माझे लोक फ्रान्समधून आले एवढं सगळेच सांगतात. पण फ्रान्समधून म्हणजे कुठून, आणि आलं कोण, ते कुणी सांगत नाही. तेवढं कळलं तर बरं वाटेल." हे काम मी अंगावर घेतलं आणि २०२५च्या वसंतात ते हातावेगळं झालं. क्वेबेकी घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्या काही मराठी मित्रमंडळींनी तेव्हापासून मला विचारलंय, की आपल्या मुलांच्या इकडच्या बाजूची वंशावळ कशी काढायची. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. फ्रेंच जेमतेम असलं तरी हे काम जमतं. चिकाटी मात्र लागते.

सासूबाईंच्या घरात दोन गोष्टी चालत आलेल्या होत्या. एक म्हणजे, मूळपुरुष फ्रान्सच्या कुठल्याशा सरदार घराण्यातला. दुसरी, सासूबाईंच्या आजीची आजी इथल्या मूळनिवासी लोकांपैकी. दोन्ही गोष्टी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्या आणि बाजूला ठेवल्या. घरातल्या आठवणी टाकून देऊ नयेत, पण त्या खऱ्या धरूनही शोधाला लागू नये. नाहीतर आपल्याला हवा तोच कागद दिसायला लागतो.

सुरुवात हयात माणसांपासून केली. सासूबाईंच्या आईचं प्रार्थनेचं पुस्तक घरात होतं. त्याच्या पानांत नातेवाइकांच्या अंत्यविधीला वाटलेली छोटी कार्डं जपलेली. एका बाजूला फोटो, दुसऱ्या बाजूला मृत्यूची तारीख, वय आणि प्रार्थना. कॅथलिक घरांतून ही कार्डं हमखास सापडतात. त्यातूनच सासूबाईंच्या आजोबांचं नाव, वय आणि कामुरास्का परगण्यातल्या गावाचा पत्ता मिळाला. नवऱ्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. आजोळ म्हणजे माँत्रियालमधला ओशलागाचा कारखान्यांचा भाग, एवढंच त्याच्या डोक्यात.

मग सासूबाईंच्या जन्मनोंदीची प्रत मागवली. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. क्वेबेकमध्ये १९९३ संपेपर्यंत जन्म, लग्न, मृत्यू या नोंदी मुख्यतः चर्चच ठेवत असे आणि बाप्तिस्म्याची नोंद हाच जन्मदाखला असे. १९९४पासून हे काम सरकारच्या नागरी नोंदणी कार्यालयाकडे आलं. अलीकडच्या काळातल्या माणसांच्या नोंदी कुणालाही मिळत नाहीत. ज्याची नोंद त्यानेच मागावी लागते, किंवा आपला संबंध दाखवावा लागतो. म्हणून अर्ज सासूबाईंच्या नावाने, त्यांच्या सहीने केला. अर्जात दोन पर्याय असतात, प्रमाणपत्र आणि नोंदीची प्रत. प्रतच मागा. ती थोडी महाग पडते, पण मूळ नोंदीत लिहिलेलं सगळं तिच्यात येतं. आम्हाला साधारण चाळीस डॉलर पडले आणि काही आठवडे वाट पाहावी लागली. शुल्क बदलत राहतं, तेव्हा अर्जाच्या दिवशी बघून घ्या.

पुढचा पल्ला जवळजवळ फुकटात झाला. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय-अभिलेखागाराचं सदस्यत्व इथल्या रहिवाशांना मोफत आहे. बेरी मेट्रो स्टेशनला लागून असलेल्या मोठ्या ग्रंथालयात कार्ड काढता येतं. व्हिजे मार्गावरच्या अभिलेखागाराच्या इमारतीत बसून पैसे भरून बघावे लागणारे वंशावळींचे संग्रहही बघता येतात. घरी बसून बघायचं तर फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर १६२१पासूनच्या कॅथलिक नोंदवह्यांच्या प्रतिमा आहेत, नुसतं खातं उघडायचं. योगायोगाने १९३१ची कॅनडाची जनगणना ९२ वर्षांची मुदत संपून जून २०२३मध्येच खुली झाली होती. त्यात सासूबाईंचे वडील शाळकरी पोर म्हणून सापडले. आईवडील, भावंडं, शेत, सगळं एका पानावर. मोजणीदाराने आडनाव ऐकू आलं तसं लिहिलं होतं, त्यामुळे नावाने शोधून काही मिळेना. शेवटी गावाची पानं एकेक करून पाहिली. गाव लहान असेल तर हाच मार्ग बरा, एका संध्याकाळीत होतो.

क्वेबेकची वंशावळ लग्नावरून लग्नावर चालते. लग्नाच्या नोंदीत वधूवरांच्या चारही आईबापांची नावं असतात, आणि आयांची नावं माहेरच्या आडनावानिशी. त्यामुळे एक लग्न सापडलं की मागच्या पिढीतली दोन लग्नं शोधायला नावं हातात येतात. बाप्तिस्मे आणि दफनं नंतर भरायची. या नोंदी टिकल्या त्यामागे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचं १६६७चं फर्मान आहे. प्रत्येक नोंदवही दोन प्रतींत ठेवायची, एक पॅरिशमध्ये, म्हणजे त्या भागाच्या चर्चमध्ये, आणि एक न्यायालयात, असा तो नियम. चर्चला आग लागली तरी दुसरी प्रत उरते. एका पॅरिशच्या कार्यालयाला मी पत्र लिहून, फोन करून एक जुनी नोंद मागितली होती. उत्तर आलंच नाही. पण तेच पान न्यायालयीन प्रतीत मिळालं. तुम्हालाही कुठून उत्तर आलं नाही तर थांबून राहू नका.

अक्षर हा सुरुवातीचा मोठा अडसर. वाचता वाचता त्याची सवय होते, कारण पाद्री तेच ते साच्यातले शब्द लिहितात. तारीख बहुधा अक्षरी असते. महिन्याच्या जागी ७ आणि त्याला जोडून 'ब्र' दिसलं तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. तसंच ८ला ऑक्टोबर, ९ला नोव्हेंबर, आणि रोमन दहाला डिसेंबर. बापाच्या नावाआधी 'फ्यू' असेल तर तो कैलासवासी झालेला, म्हणजे त्याचं दफन त्या तारखेच्या आधी शोधायचं. नवरी किंवा नवरा सज्ञान की अज्ञान हेही लिहिलेलं असतं. पण सज्ञान म्हणजे फ्रेंच अमलात २५ वर्षं आणि ब्रिटिश अमलात १७८३पासून २१, हे ध्यानात ठेवून जन्मसाल ताडायचं. बहुतेक नोंदींच्या शेवटी एक वाक्य येतं, की अमुक-तमुकांनी सही करता येत नसल्याचं सांगितलं. पानामागून पान हे वाक्य वाचलं की त्या माणसांबद्दल आपोआप माया वाटायला लागते. आपल्याबद्दल काय लिहिलंय हेही त्यांना वाचता येत नव्हतं.

नावांचा गुंता इथून सुरू झाला. सासूबाईंच्या आजोबांच्या पिढीत सगळ्या मुली मारी आणि सगळे मुलगे जोझेफ! बाप्तिस्म्याच्या वेळी मुलीला मारी आणि मुलाला जोझेफ हे नाव आधी लागे, मग बहुधा धर्मपित्याचं किंवा धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी लेकराची जबाबदारी घेणाऱ्यांचं) नाव, आणि हाक मारायचं नाव सगळ्यात शेवटी. नोंदवहीत 'जोझेफ लुई अर्नेस्त' असलेला माणूस जनगणनेत नुसता अर्नेस्त असतो, आणि थडग्यावरही अर्नेस्तच. पहिल्या नावाने शोधणारा गोंधळलाच म्हणून समजा. पाद्रीही मनमानी नावं चालू देत नसत. १७०३मध्ये बिशप सँ-व्हालिए यांनी क्वेबेकच्या धर्मप्रांतासाठी विधिग्रंथ छापून घेतला, त्यात चालणाऱ्या संतनावांची यादीच दिलेली आहे.

आणखी एक रीत मला आधी ठाऊक नव्हती. १८५०च्या दशकातल्या एका नोंदवहीत एकाच आईबापांची मारी-फिलोमेन फेब्रुवारीत बाप्तिस्मा झालेली दिसली. ऑगस्टमध्ये तिचं दफन, वय सहा महिने, साक्षीला बाप आणि एक शेजारी. दीड वर्षाने पुन्हा त्याच आईबापांची मुलगी, आणि पुन्हा मारी-फिलोमेन. दगावलेल्या लेकराचं नाव पुढच्या लेकराला देत. मोठी झालेली, लग्न केलेली ती ही दुसरी. आपल्या माणसाचा बाप्तिस्मा सापडला की हर्षभराने तिथेच थांबू नका, पुढची पाचसहा वर्षं दफनांची पानं चाळा. त्या दिवशी मी संगणक बंद केला आणि सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "माझ्या आईनेही तेच केलं होतं. माझ्याआधी एक होती, तिचं नाव मला आहे." इतक्या वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

२०२४च्या हिवाळ्यात गाडं अडलं. १८४०च्या आसपासचं एक लग्न हवं होतं, सासूबाईंच्या खापरपणजोबांचं. मुलांचे बाप्तिस्मे कामुरास्का भागातल्या एका पॅरिशमध्ये ओळीने होते, आईबापांची नावं स्पष्ट होती, बाप बोल्यू. पण त्या बोल्यूचं लग्न कुठेच नाही. शेजारच्या गावांत नाही, क्वेबेक शहरात नाही. वर्षअखेरीच्या सूचीत 'ब'खाली नाही. मी द्रुएँ संस्थेच्या संकेतस्थळाची महिन्याची वर्गणी भरली. चित्रपटाच्या तिकिटापेक्षा फार महाग नाही ती. १९४०च्या दशकात या संस्थेने सगळ्या क्वेबेकच्या नोंदवह्या मायक्रोफिल्मवर घेतल्या, आणि त्यांचा सूचीसंग्रह खरोखर मोठा आहे. तिथेही तो माणूस नव्हता.

मार्चमध्ये डेव्हिडसन रस्त्यावरच्या वंशावळ-सदनात गेले. कॅनेडियन-फ्रेंच वंशावळ मंडळाचं ते घर, मंडळ १९४३पासूनचं. दिवसभर बसायचं किरकोळ शुल्क आहे. तिथे सगळे स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त. मी अडचण सांगितल्यावर एका आजींनी पहिलाच प्रश्न केला, "धर्मपिता कोण आहे, पाहिलंस का?" नावं मी उतरवून घेतली होती, पण त्यांचा विचार केला नव्हता. आजींनी सगळ्या भावंडांचे बाप्तिस्मे माझ्याकडून एकाखाली एक मांडून घेतले. थोरल्या मुलाचा धर्मपिता उदों आडनावाचा, 'बाळाचे आजोबा' असं पाद्रीने शेजारी लिहिलेलं. आईचं माहेर उदों नव्हे. मग हा उदों बापाचाच बाप असणार. मुलगा बोल्यू आणि बाप उदों? आजी म्हणाल्या, "उदों दी बोल्यू. आता 'ह' अक्षराखाली शोध." फ्रेंचमध्ये उदोंच्या सुरुवातीला न उच्चारला जाणारा 'ह' लिहितात. लग्न दहा मिनिटांत सापडलं.

ही जोडनावांची रीत न समजता क्वेबेकची वंशावळ पुढे सरकत नाही, म्हणून जरा थांबून सांगते. मूळ आडनाव, मग 'दी', म्हणजे 'ऊर्फ', आणि मग दुसरं नाव. दुसरं नाव कुठूनही येई. सैन्यात प्रत्येक शिपायाला टोपणनाव असे: लाफ्लर, लात्युलिप, सांसुसी, जोलिकर, ला लिबेर्ते. १६६५मध्ये फ्रान्सहून कारिन्याँ-सालिएर पलटण आली. बाराशेच्या वर माणसं, त्यातली चारएकशे इथेच शेती करून राहिली, आणि त्यांच्याबरोबर ही नावंही राहिली. कुणाला मुलखावरून नाव पडलं, आँजूचा तो लांजव्हँ, पिकार्दीचा तो पिकार. कुणाला जमिनीच्या तुकड्यावरून. एकाच गावात चार घरं एकाच आडनावाची झाली की वेगळं ओळखायला नाव लागणारच. पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही नावं चालत. पाद्री कधी पहिलं लिहितो, कधी दुसरं, कधी दोन्ही. एकोणिसाव्या शतकात हळूहळू एकेका घराने एकेक नाव धरलं, आणि सख्ख्या भावांनी वेगवेगळं धरलं असंही झालं. आज उदों आणि बोल्यू एकमेकांचे चुलत असू शकतात आणि दोघांनाही त्याचा पत्ता नसतो.

क्वेबेकमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने देजार्दँ पतपेढ्यांचं नाव ऐकलेलं असतं. त्यांचे संस्थापक आल्फोंस देजार्दँ यांचे वडील रुआ दी देजार्दँ आणि आई मिव्हिल दी देशेन. दोन्हीकडे जोडनाव! तुमच्या घरातलं आडनाव असं जोडलेलं आहे का, हे बघायला अब्बे (म्हणजे पाद्री) तांगे यांचा १८७१ ते १८९० या काळात छापलेला सात खंडांचा वंशावळकोश आहे. त्याच्या शेवटच्या खंडात जोडनावांची मोठी यादी आहे. स्कॅन केलेला कोश फुकट वाचता येतो. त्यात चुका आहेत, म्हणून दिशा त्यातून घ्यावी, पुरावा नोंदवहीतूनच घ्यावा. शिवाय एकच दुसरं नाव अनेक घराण्यांना असतं. बोल्यू म्हटलं की उदोंच, असं नाही. धर्मपित्याच्या त्या नोंदीशिवाय मी तसं मानलं नसतं.

त्यानंतरचा प्रवास भराभर झाला. १८०० सालापूर्वीच्या काळासाठी माँत्रियाल विद्यापीठात १९६६मध्ये सुरू झालेला लोकसंख्या-इतिहासाचा प्रकल्प आहे, पीआरडीएच. या प्रकल्पाने त्या काळातल्या सगळ्या कॅथलिक नोंदी कुटुंबवार जोडून ठेवल्या आहेत. ग्रंथालयात बसून तो बघता येतो, घरून हवा तर जितकी पानं उघडाल तितके पैसे. प्रत्येक पिढीचं मूळ पानही मी पाहिलं. जोडणी दुसऱ्याने केलेली असली तरी आपल्या माणसाची नोंद आपण वाचावी, असं मला वाटतं. वाटेत दोन लग्नांच्या नोंदींत 'तिसऱ्या ते चौथ्या पिढीच्या रक्तसंबंधाची सूट' दिल्याचा उल्लेख आला. वधूवर दूरचे भाऊबहीण लागत होते आणि चर्चने परवानगी दिली होती. नदीकाठच्या मोजक्या गावांत हे व्हायचंच. त्यामुळे एकच मूळ जोडपं सासूबाईंच्या वंशवृक्षात वेगवेगळ्या फांद्यांवर पुन्हा पुन्हा येतं.

ते मूळ जोडपं म्हणजे पिएर उदों दी बोल्यू आणि मारी गोबेय. तो आँजूतल्या शमियेचा. लग्न १६७६मध्ये, क्वेबेक शहरात. पुढे ते रिव्हिएर-उएलला स्थायिक झाले, त्या गावच्या नोंदवह्या १६८५पासून सुरू होतात. कोणी सरदार नव्हे, जंगल तोडून जमीन कसणारा माणूस. सासूबाईंना हे सांगताना मला जरा धाकधूक होती. त्या म्हणाल्या, "सरदाराला इथे येऊन झाडं तोडता आली असती का?" आणि त्यांनी विषय संपवला. त्याच गावात १६९०मध्ये क्वेबेकवर चालून निघालेल्या फिप्स या इंग्रज सेनानीच्या ताफ्यातली माणसं किनाऱ्यावर उतरायला बघत होती, तेव्हा पाद्री फ्रान्शव्हिल यांना पुढे घालून गावकऱ्यांनी त्यांना परतवलं. ही हकिगत त्यांनी माझ्याकडून दोनदा सांगून घेतली.

पण माझं मन अडकलं ते मारी गोबेयपाशी. ती आईवडिलांबरोबर प्वातू प्रांतातून आलेली. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने लग्नासाठी आणलेल्या सातआठशे 'राजाच्या लेकीं'पैकी ती नव्हे. ती लग्नाच्या नोंदीत गोबेय आहे, आणि लेकरांच्या बाप्तिस्म्यांतही गोबेयच. न्यू फ्रान्सच्या, म्हणजे इथल्या तेव्हाच्या फ्रेंच वसाहतीच्या, नोंदींत बाई लग्नानंतरही कायदेशीर कागदावर आपल्या जन्माच्या आडनावानेच असते. दफनाच्या नोंदीतही तिचं स्वतःचं नाव, मग 'अमक्याची पत्नी'. म्हणून सासूबाईंच्या वंशवृक्षात जितके पुरुष सापडले तितक्याच बायका सापडल्या, प्रत्येकीच्या माहेरासकट.

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापलेला आहे. वडिलांनी तो फार जपला. हे काम चालू असताना मी भावाकडून त्याचे फोटो मागवले आणि आमची शाखा पुन्हा वाचली. नऊ पिढ्यांचे पुरुष, कोण कुठे नोकरीला, कोण दत्तक गेला, सगळं आहे. माझ्या पणजीच्या सासूचं नाव नाही. पणजीचं आहे, पण सासरी ठेवलेलं. लग्नात तांदळात लिहिलं ते. तिचं माहेरचं नाव आईने तिच्या सासूकडून कधी ऐकलं होतं, ते तिला आठवेना. अक्षरशत्रू असलेल्या, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या मारी गोबेयचं नाव, गाव, आईबाप मला माहीत आहेत, आणि जिच्या मांडीवर माझी आजी वाढली तिचं पाळण्यातलं नाव मला माहीत नाही. याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. आईची धाकटी आत्या नव्वदीच्या पुढे आहे. मी तिला फोन लावला. दोन नावं मिळाली.

इथला आजचा कायदा याला धरून आहे. २ एप्रिल १९८१पासून क्वेबेकमध्ये लग्न झालं तरी बाईचं नाव कागदोपत्री बदलत नाही. माझं लग्न इथेच झालं, माझं नाव तेच राहिलं. गावाकडे अजून कुणी ना कुणी विचारतं. सासूबाईंचं लग्न त्याआधीचं, म्हणून त्यांच्या गाडीच्या परवान्यावर सासऱ्यांचंच आडनाव. बोल्यू हे नाव त्यांनी पन्नास वर्षांत कुठेच लिहिलं नव्हतं.

त्या आजीच्या आजीबद्दलही लिहायला हवं. ती मूळनिवासी असल्याचा एकही कागद मिळाला नाही. तिचे आईवडील, आजीआजोबा, सगळ्यांची लग्नं सापडली, सगळी फ्रेंच वसाहतीतली घरं. ही गोष्ट इथे पुष्कळ घरांत सांगितली जाते. पण आज कॅनडात त्यावरून लोक हक्क आणि ओळखी सांगतात, आणि ज्यांच्या जमिनी खरंच गेल्या त्या लोकांना त्याचा त्रास होतो. म्हणून मी सासूबाईंना स्पष्ट सांगितलं आणि वंशवृक्षात ते लिहिलं नाही. त्यांच्या धाकट्या भावाला ते आवडलं नाही. मी त्यांना प्रत्येक लग्नाची प्रत पाठवली.

नोटरींचे कागद हा वेगळाच खजिना आहे. न्यू फ्रान्समध्ये पॅरिसचा रिवाज हा कायदा होता. शेतकऱ्यांच्या घरांतही लग्नाआधी नोटरीपुढे करार होई: नवऱ्यामागे बायकोला काय मिळणार, दोघांचं सामाईक काय, कुणी गेल्यावर आधी काय बाजूला काढायचं. माणूस वारल्यावर घरातल्या वस्तूंची यादी होई. अठराव्या शतकातल्या अशा एका यादीत तवे, कुऱ्हाडी, दोन बैल, एक फाटकं घोंगडं आणि गव्हाच्या गोणी असं सगळं किमतीसकट होतं. हे अक्षर पाद्र्यांच्या अक्षरापेक्षा कितीतरी कठीण. मी एका जाणकाराला पैसे देऊन दोन कागद वाचून घेतले, साऱ्या कामातला सगळ्यात मोठा खर्च तोच. बाकी सगळं धरून नायगाराच्या एका सहलीइतके पैसे गेले असतील.

२०२४च्या उन्हाळ्यात सासूबाईंना घेऊन रिव्हिएर-उएलला गेलो. माँत्रियालहून हमरस्ता २० धरून सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठाने चारएक तास. तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्यातच जा, आणि कब्रस्तान भरतीच्या वाऱ्याआधी, सकाळी पाहा. जुनी थडगी लाकडी क्रुसांची होती, ती उरलेली नाहीत. तेव्हा १६७६च्या माणसाचं थडगं शोधायच्या आशेने जाऊ नका. दगडांवर उदोंही दिसतात आणि बोल्यूही. सासूबाई एका उदोंच्या दगडापाशी उभ्या राहून तारखा वाचत होत्या. त्यांनी वही मागितली आणि त्या स्वतः उतरवून घेऊ लागल्या.

वंशवृक्ष मोठ्या कागदावर छापून घेतला. छपाईवाल्याला दोन गोष्टी बजावल्या: प्रत्येक बाईचं जन्माचं आडनाव पुरुषाइतक्याच ठळक अक्षरात, आणि जोडनाव असेल तिथे दोन्ही नावं. त्यासोबत एक फोल्डर, पिढीगणिक एक पान, पानावर लग्नाची तारीख, पॅरिश आणि प्रतिमेचा क्रमांक. उद्या आमच्या मुलीला शंका आली तर तिला ते पान स्वतः उघडता यावं.

फ्रान्सची बाजू अजून राहिली आहे. आँजूच्या नोंदवह्या आँजेच्या जिल्हा अभिलेखागारात आहेत आणि प्रतिमा घरबसल्या फुकट बघता येतात. पण फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातल्या व्हांदेच्या युद्धात, १७९३नंतर, त्या टापूतली बरीच दप्तरं जळाली. तिथे जाण्याआधी 'फिशिए ओरिजिन' ही फ्रान्सहून क्वेबेकला आलेल्यांच्या मूळ नोंदींची सूची पाहून घ्या, कुणीतरी आधीच शोधलेलं असण्याची शक्यता असते. मी मात्र आता गोबेयकडून सुरुवात करते आहे. प्वातूचं दप्तर वाचायला घेतलंय, आणि सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, मारीच्या आईचं काही कळलं का.